प्रश्नचिन्हामागून येणारे आगंतुक
वेबपत्त्यात प्रश्नचिन्हानंतर येणारी क्वेरी स्ट्रिंग कोणीही हवी तशी लिहून पाठवू शकतो. म्हणून नको असलेल्या क्वेरीने घोटाळा केला की खापर पाठवणाऱ्यावर फुटतं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास पाहिला तर मात्र घेणाऱ्याच्या भाबडेपणालाच दोष द्यावा लागतो. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ ही सोय चालू असताना पत्त्यातलं प्रत्येक नाव परस्पर स्क्रिप्टमधलं व्हेरिएबल होई. ‘अ‍ॅडमिन’ या व्हेरिएबलला आधी शून्य द्यायचं राहून गेलं, की पत्त्याला ‘?अ‍ॅडमिन=1’ जोडणारा पासवर्डाविना आत! एप्रिल 2002 मध्ये 4.2 आवृत्तीत ही सोय मुळात बंद ठेवली गेली. ती भाषेतून जायला 2012 उजाडलं, कारण जुन्या स्क्रिप्ट तिच्याच जिवावर चालत होत्या.

दोष भाषेचा नाही, आळशी प्रोग्रामरचा, असा यावर एक युक्तिवाद आहे. त्याला 2012 मध्येच उत्तर मिळालं. क्वेरीत बरोबरचं चिन्ह नसेल तर तिचे शब्द कमांड लाइनवर द्यायचे, ही सीजीआय या सर्व्हर आणि स्क्रिप्ट जोडणाऱ्या मानकातली तरतूद ‘इझइंडेक्स’ या शोधाच्या टॅगच्या काळातली. टॅग अडगळीत गेला, तरी अपाचे सर्व्हर ती इमानेइतबारे पाळत राहिला आणि पीएचपीची सीजीआय आवृत्ती ते शब्द स्वतःला दिलेला हुकूम समजू लागली. पत्त्यापुढे ‘?-एस’ लिहिलं की पान चालण्याऐवजी त्याचा सोर्सकोडच पडद्यावर. स्क्रिप्ट लिहिणारा कितीही काटेकोर असला तरी इथे त्याचा इलाज नव्हता. हा दोष हाती लागला तो गोव्याच्या नलकॉन परिषदेशी जोडलेल्या हॅकिंग स्पर्धेत उतरलेल्या एका संघाला.

मग अनोळखी नाव दिसताच पान नाकारावं का? तसं केलं तर भलत्यालाच शिक्षा होते. फेसबुक 2018 पासून बाहेर जाणाऱ्या दुव्यांना ‘एफबीसीएलआयडी’ चिकटवतं. तिथून आलेल्या वाचकाला त्याचा पत्ताही नसतो. त्यापेक्षा स्क्रिप्टने आपल्याला हवी तेवढीच नावं नावानिशी मागावीत, त्यांच्या किमती तपासाव्यात आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहू नये. एकाच पानाचे अनेक पत्ते झाल्याने शोधयंत्रांचा गोंधळ होतो हे खरं, पण त्यासाठी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने 2009 मध्येच कॅनॉनिकल दुवा मान्य केला आहे. नको ती नावं काढून वाचकाला रीडायरेक्ट करायचंच असेल तर नवा पत्ता हव्या त्या नावांनीच बांधावा. नको त्यांची यादी करून ती वगळत बसलं की काय होतं, ते 2024 मध्ये दिसलं: ‘?-एस’सारख्या क्वेरी रोखायला पीएचपीने आरंभीची आडवी रेघ अडवली होती, पण विंडोजच्या काही भाषांच्या मांडणीत तिच्यासारखंच दुसरं एक चिन्ह पहाऱ्यातून सुटलं आणि आत जाऊन तीच रेघ बनलं.