पतंगाला बांधलेली काच

संक्रांतीला आपण पतंग उडवतो तो करमणुकीसाठी. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील मँचेस्टर येथील एका डॉक्टरने मात्र शिंकांचे मूळ शोधण्यासाठी पतंग उडवला. त्यांचे नाव चार्ल्स ब्लॅकली.

इंग्लंडमध्ये मे-जूनच्या सुमारास गवत फुलते. त्याच दिवसांत काही लोकांचे डोळे चुरचुरू लागतात, नाक वाहते, शिंका थांबत नाहीत, दम लागतो. लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली या विकाराचे रीतसर वर्णन केले. रोगी होते ते स्वतःच! पुढे लोकांनी त्याला ‘हे-फीव्हर’, म्हणजे सुक्या गवताचा ज्वर, असे नाव दिले. प्रत्यक्षात यात ताप येतोच असे नाही. बॉस्टॉक यांना कारण वाटले उन्हाचे. इतरांनी धूळ, ओझोन, गवताचा वास अशी कारणे सुचवली.

ब्लॅकलींनाही हाच त्रास होता. त्यांनी १८५९ पासून एकेका संशयिताची स्वतःवरच परीक्षा घेतली. गवताचे पराग हुंगताच शिंका सुरू झाल्या. त्वचेवर ओरखडा काढून तेथे पराग ठेवले, तर खाज सुटून सूज आली. ॲलर्जीसाठी आज त्वचेवर जी चाचणी करतात, तिचे तत्त्व हेच आहे.

पण एक कोडे उरले. शेतापासून दूर, शहरात राहणाऱ्यांना हा त्रास का व्हावा? ब्लॅकलींनी काचपट्टीला ग्लिसरीनयुक्त चिकट द्रव लावला, ती उघड्यावर ठेवली आणि तिला चिकटलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. मग अशाच पट्ट्या पतंगांना बांधून हजार फुटांहून अधिक उंचीवर पाठवल्या. वरच्या पट्ट्यांवर जमिनीजवळच्यापेक्षा कितीतरी जास्त पराग आढळले! उन्हाने तापलेली हवा वर चढते, तिच्याबरोबर पराग उचलले जातात आणि वाऱ्याने दूरवर पोचतात. म्हणजे शेत सोडून शहरात आल्याने सुटका होत नाही. हे सारे प्रयोग त्यांनी १८७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

येथे आपण थोडे थांबून शंका घेऊ. उंचावर वाराही जोरात वाहतो. एका तासात जास्त हवा काचेवरून गेली, तर त्याच दाटीतही जास्त कण चिकटतील. तेव्हा काचेवर किती कण सापडले यावरून हवेत किती कण होते हे नेमके सांगता येत नाही. १९३३ साली अमेरिकेचे चार्ल्स लिंडबर्ग यांनी विमानातून ग्रीनलंडवरील हवेचे नमुने गोळा केले. शास्त्रज्ञ फ्रेड मायर यांच्या या योजनेतून तेथेही पराग व बुरशीचे बीजाणू मिळाले. मात्र ‘दर घनमीटर हवेत किती?’ या प्रश्नासाठी मोजून हवा ओढणारे यंत्र हवे होते. इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी १९५२ साली ते तयार केले. ते मिनिटाला १० लिटर हवा शोषून घेते.

आज पतंगाची जागा ड्रोन घेऊ शकतो. तो हव्या त्या उंचीवर स्थिर राहतो, वाऱ्याची वाट पाहत नाही. पण त्याचे पंखे वरची हवा ओढून खाली फेकतात. नमुना घेणारी नळी त्या झोतात आली, तर कोणत्या थरातील पराग मोजले हे कळणार नाही. फुललेल्या गवतावर तो उतरवला, तर झोताने झडलेले परागही मोजणीत येतील. साधन बदलले, तरी ब्लॅकलींच्या काचेला विचारलेला प्रश्न ड्रोनलाही विचारावाच लागतो: जे मोजले ते हवेत होते, की आपल्या साधनाने घडवले? शिवाय भारतातील २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रातही पूर्वपरवानगीविना ४०० फुटांपर्यंतच उडता येते. ब्लॅकलींचा पतंग त्याहून दुपटीने वर गेला होता!

वर्गात हा प्रयोग पतंगाविनाही करता येईल. व्हॅसलिनचा पातळ थर दिलेल्या दोन काचपट्ट्या घ्या. एक पटांगणाच्या कडेला व दुसरी गच्चीवर, पाऊस लागणार नाही अशा जागी, दिवसभर ठेवा. गाजर गवत फुललेले असताना निकाल अधिक बोलका ठरेल. मात्र दम्याच्या मुलांना त्या गवताजवळ नेऊ नये. कण मोजून झाले की उत्तर लगेच सांगू नका. आधी विचारा: गच्चीवर वारा किती होता?