मोजून घ्यावं, मोजून द्यावं

खेकडा ८ घरं उंच, ११ घरं रुंद. ऑक्टोपसची रुंदी १२, माकूलची ८. प्रत्येक घर एकतर पेटलेलं नाहीतर विझलेलं. अधलीमधली छटा नाही. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधले परग्रहवासी एवढ्याशा जागेत बसवले. प्रत्येकाची दोनच चित्रं आलटूनपालटून दाखवली की ते पाय हलवत पुढे सरकू लागत. पडदा कृष्णधवल होता, म्हणून रंगासाठी त्यावर सेलोफेनच्या पट्ट्या लावल्या. व्हिडिओ गेमवरून आज जगभर जी पिक्सेल चित्रं काढली जातात, त्या घराण्याचे हे सगळ्यांत ओळखीचे पूर्वज.

या घराण्याला शिस्त लावली ती टंचाईने. १९८१ च्या ‘डाँकी काँग’साठी शिगेरू मियामोतो यांनी मारिओ रेखाटला, तेव्हा इतक्या कमी घरांत उडी मारताना हलणारे केस दाखवणं अवघड होतं, म्हणून डोक्यावर टोपी आली. नाकाखाली मिशी आल्यावर तोंड काढायची गरज उरली नाही. हात धडापासून वेगळे दिसावेत म्हणून अंगात डांगरी आली. १९८३ च्या फॅमिकॉम यंत्रावर चित्र ८ बाय ८ च्या तुकड्यांतून उभं राही आणि पात्राच्या एका तुकड्याला तीनच रंग मिळत. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला ढग आणि झुडूप म्हणजे एकच आकार आहे, वर पांढरा, खाली हिरवा. जागा वाचवायची ती अशी.

नाम्को कंपनीत ‘गॅलागा’, ‘डिग डग’, ‘मॅपी’ची चित्रं करणारे हिरोशी ओनो ‘मिस्टर डॉटमन’ या नावाने ओळखले गेले. त्या काळी अशी चित्रं आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून तयार होत आणि मग आकड्यांच्या रूपात यंत्रात भरली जात.

या कलेचं सगळं मर्म मला इथेच दिसतं. जे मोजून आत गेलं, ते मोजून बाहेरही काढता येतं. दसुतीवर फुली टाक्याचं भरतकाम करणारीला नमुना मिळाला की तेच फूल तिच्या कापडावर टाक्याला टाका जुळवून उमलतं, तसंच हे. तैलचित्राची नक्कल करायला कसलेला हात लागतो. ८ बाय ११ चा खेकडा मोजता येणाऱ्या कुणालाही जसाच्या तसा काढता येतो. ‘इन्व्हेडर’ या टोपणनावाचा फ्रेंच कलावंत १९९८ पासून पॅरिसच्या भिंतींवर छोट्या चौकोनी फरश्यांचे हेच जीव चिकटवत आला आहे. तिथे एक फरशी म्हणजे एक पिक्सेल.

संगणकावर देवाणघेवाण वाढली तेव्हाही हेच सूत्र टिकलं. १९८५ मध्ये अमिगा संगणकासाठी ‘डिलक्स पेंट’ आलं आणि आलेखाच्या कागदाची जागा पडद्याने घेतली. १९८७ च्या जिफ फाइलमध्ये रंग २५६ च, पण एकही पिक्सेल हरवत नाही. जेपेग मात्र कडा फिसकटवते, म्हणून जाणकार ती टाळतात. चित्र मोठं करतानाही दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच करायचं आणि कडा गुळगुळीत करायच्या नाहीत.

१९९४ मध्ये प्लेस्टेशन आलं, त्रिमितीचं युग सुरू झालं आणि टंचाईची सक्ती संपत गेली. तरी ही चित्रं उरली, कारण एकटा माणूस ती पुरी करू शकतो. दाइसुके अमाया यांनी ‘केव्ह स्टोरी’ हा खेळ चित्रं, संगीत आणि प्रोग्रॅमसकट एकट्याने घडवून २००४ मध्ये फुकट वाटला.

पुढे टंचाई मुद्दाम मागून घेतली गेली. पिको-८ हे प्रत्यक्षात नसलेलं, केवळ सॉफ्टवेअरमधलं खेळयंत्र. पडदा १२८ बाय १२८, रंग १६. त्यावर केलेला खेळ एका पीएनजी चित्राच्या रूपात पाठवता येतो, कारण त्या चित्राच्या रंगांच्या आकड्यांतच प्रोग्रॅम आणि सगळी पात्रं दडवलेली असतात. ज्याला चित्र मिळालं त्याला खेळ मिळाला, शिवाय आतलं घरन्‌घर उघडून पाहण्याची आणि बदलण्याची मोकळीकही.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याने १६ बाय १६ घरं आणि चार रंग घेऊन बसावं, आवडत्या खेळातलं एक पात्र मोजून उतरवावं, मग स्वतःचं एक रचावं. आणि ते दुसऱ्याला देताना मूळ आकारात, रंगांच्या यादीसह द्यावं, म्हणजे घेणाऱ्यालाही ते मोजता येईल.