अक्षराचे आकारमान आणि वाचकाचा अधिकार

मराठीत चष्म्याला ‘चाळिशी’ असे एक जुने नाव आहे. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होऊ लागते, जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते आणि माणूस पुस्तक हळूहळू डोळ्यांपासून दूर धरू लागतो. भाषेने या अनुभवातील वय उचलून ते उपकरणाला दिले. या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. पुस्तकातील अक्षर बदलणार नाही, बदलावे लागेल ते वाचकाच्या डोळ्याने. छापील पुस्तकाच्या काळात हे गृहीत योग्यच होते. संगणकाच्या पडद्यावर प्रथमच अक्षर मोठे करणे हे वाचकाच्या हातात येण्याची शक्यता निर्माण झाली. ती प्रत्यक्षात कशी आली, मध्यंतरी कशी हिरावली गेली आणि देवनागरीच्या वाट्याला तिचा उपभोग उशिरा का आला, याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने जाणून घेण्याजोगा आहे. आपण ज्याला ‘संहिता’ म्हणतो तिच्या स्वरूपाचाच प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आरंभ पडद्यापासून करता येणार नाही. हस्तलिखित पोथीत अक्षराचे आकारमान लेखनिक ठरवी. पोथी पुष्कळदा एकाने वाचावी व अनेकांनी ऐकावी अशी असे. त्यामुळे श्रोत्यांपैकी एकाचे डोळे शाबूत असले की सर्वांचे काम भागे. मुद्रण आले आणि हा निर्णय लेखनिकाकडून छापखान्याकडे गेला. विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेले अक्षरच दगडावर उतरत असल्याने ते हवे तेवढे लहानमोठे करता येई. धातूच्या खिळ्यांचे तसे नव्हते. प्रत्येक आकारासाठी खिळ्यांचा नवा संच ओतावा लागे, आणि देवनागरीत एक संच म्हणजे जोडाक्षरे व मात्रांसह काहीशे खिळे. जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती त्याच्या सुबक टायपांमुळे झाली, यामागे हे कष्ट होते. जुळाऱ्याला मात्रा, रफार, अनुस्वार वर आणि उकार, ऋकार खाली बसवावे लागत. मात्रेसह संपूर्ण अक्षर एका खिळ्यात ओतावे, की तिन्ही थर वेगळे ओतून जुळवावेत, हा मुंबईच्या छापखान्यांपुढील मोठा प्रश्न होता. ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ ही टायपांची नावे त्यातूनच रूढ झाली. बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात देवनागरी मुद्राक्षरकलेचा हा इतिहास विस्ताराने मांडला आहे.

कागद महाग आणि टाईप लहान अशा या व्यवहारात क्षीण दृष्टीच्या वाचकाची सोय कोणी पाहिली? इंग्लंडात फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली अल्व्हरस्क्रॉफ्ट या नावाने मोठ्या अक्षरांतील पुस्तकांची माला सुरू केली आणि ती सार्वजनिक ग्रंथालयांतून वृद्ध वाचकांपर्यंत पोहोचली. मराठीत मोठ्या टायपाची परंपरा प्रामुख्याने धार्मिक ग्रंथांत राहिली. ‘मोठ्या टाईपातील’ ज्ञानेश्वरी, गुरुचरित्र, शिवलीलामृत या आवृत्त्या आपल्याकडे घरोघर आढळतात. म्हातारपणी माणूस पोथी वाचेल हे प्रकाशकाने ओळखले होते. तो कादंबरी किंवा टीकाग्रंथही वाचू इच्छील हे मात्र क्वचितच कोणी गृहीत धरले. कोणाच्या डोळ्यांसाठी काय मोठे छापायचे, या निवडीत वाचकाविषयीची एक कल्पना असतेच.

आता पडद्याकडे येऊ. पडद्यावरील अक्षर बिंदूंचे बनते. विंडोज प्रणालीने एका इंचात ९६ बिंदू असे माप धरले. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. म्हणून १२ पॉइंटच्या अक्षराला उभ्या दिशेत १६ बिंदू मिळतात. या सोळांत शिरोरेषेवरच्या मात्रा-अनुस्वारांची आणि खालच्या उकारांची जागा सोडली की अक्षराच्या मुख्य देहासाठी सात-आठ बिंदू उरतात. रोमन लिपीतील लहान अक्षरांनाही साधारण तेवढीच उंची मिळते. परंतु तेवढ्या उंचीत त्यांना एक-दोन वळणे दाखवायची असतात. देवनागरीला तेथेच ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ठ’, ‘ऋ’ उभे करायचे असतात. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ यांतील भेद शिरोरेषेतील एका लहानशा खंडावर व गाठीवर अवलंबून असतो. सात-आठ बिंदूंच्या उंचीत तो खंड एखाद्या बिंदूएवढा होतो. तो बुजला की ‘धन’चे ‘घन’ होते आणि ‘भारले’चे ‘मारले’. अनुस्वाराचा एक बिंदू गळाला की ‘तोंड’ ‘तोड’ होते. रोमन मजकुरासाठी पुरेसे असलेले आकारमान देवनागरीला अपुरे पडते ते या कारणाने. एकाच मापाचे इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवले की मराठी लहान व दाटलेले भासते, हा केवळ भास नव्हे.

अक्षर मोठे करता यावे यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागते. अक्षराची ओळख आणि अक्षराचे चित्र ही वेगळी व्हावी लागतात. ‘क’ हा वर्ण कोणता हे संगणकाला ठाऊक असेल, तर तो कोणत्याही वळणात व कोणत्याही मापात तो काढून दाखवू शकतो. भारतीय लिप्यांपुरती ही फारकत १९८०च्या दशकात आकार घेऊ लागली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढले. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तत्त्वतः प्रश्न सुटला होता.

व्यवहारात तो आणखी दहा-पंधरा वर्षे सुटला नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा नावांच्या फाँटांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली यात शंका नाही. परंतु त्या काळच्या अशा फाँटांत अक्षराची ओळख आणि चित्र एकमेकांत अडकलेली होती. संगणकाच्या लेखी साठविलेला मजकूर रोमन चिन्हांचा असे. त्यावर मराठी मुखवटा चढविणे हे त्या विशिष्ट फाँटाचे काम. मुखवटा काढला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास. क्षीण दृष्टीच्या वाचकाला आपल्या सोयीचा, ठसठशीत वळणाचा दुसरा फाँट लावावासा वाटला तर मजकूरच नाहीसा होई. दुसरा मार्ग म्हणजे मराठी मजकुराचे चित्र करून ते पानावर ठेवणे. चित्र मोठे केले की अक्षरे विरत, आणि अंध वाचकासाठी मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राला तर तेथे काहीच आढळत नसे. छापील पानावर वाचकाला जो अधिकार नव्हता तो पडद्यावरही नाहीच, अशी ही स्थिती होती.

याच सुमारास इंग्रजी जगात एक वेगळाच वाद चालू होता. जालावरील पान कसे दिसावे हे कोणी ठरवायचे, पान रचणाऱ्याने की पान वाचणाऱ्याने? हाकोन व्हिउम ली आणि बर्ट बॉस यांनी सिद्ध केलेली सीएसएस ही शैलीनियमांची पद्धत डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिचे वैशिष्ट्य असे की रचनाकार जसे नियम देऊ शकतो तसेच वाचकही देऊ शकतो, आणि दोहोंत विरोध आला तर तो कसा मिटवायचा याची उतरंड ठरलेली असते. पहिल्या आवृत्तीत दोघांनीही एखादा नियम ‘महत्त्वाचा’ म्हणून चिन्हांकित केला, तर रचनाकाराचा शब्द अखेरचा असे. मे १९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत हा क्रम उलटविण्यात आला. वाचकाने ‘महत्त्वाचा’ म्हटलेला नियम रचनाकाराच्या नियमावर मात करील, असे ठरले. आणि विशेष गरजा असलेल्या वाचकांच्या सोयीसाठी हे केले, असे कारणही तेथे नमूद झाले. वाचनाच्या इतिहासात हा लहानसा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. लेखनिक, जुळारी, प्रकाशक यांच्या हातून फिरत आलेला अधिकार येथे लेखी स्वरूपात वाचकाला दिला गेला.

लेखी अधिकार आणि वापरता येणारा अधिकार यांत अंतर असते. रचनाकारांनी अक्षरांची मापे बिंदूंत बांधून टाकली, आणि २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत अशी बांधलेली अक्षरे मजकूर मोठा करण्याच्या नेहमीच्या आज्ञेने मोठी होत नसत. ऑपेरा या न्याहाळकात संपूर्ण पान मोठे करण्याची सोय आधीच होती. २००६ साली एक्सप्लोररच्या सातव्या आणि २००८ साली फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत ती आली. कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह ही जोडी यानंतर सर्वत्र चालू लागली. डिसेंबर २००८ मध्ये जालावरील सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांची दुसरी आवृत्ती आली. मजकूर अन्य साहाय्यक साधनांवाचून दुप्पट मोठा करता यावा आणि तसे करताना आशय वा उपयुक्तता हरवू नये, असा निकष तीत घातला गेला. २००९ साली भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीही मार्गदर्शक तत्त्वे आली. शासकीय पानांच्या माथ्यावर दिसणारी लहानमोठ्या ‘ए’ची बटणे आता आपल्या परिचयाची आहेत.

मराठीच्या बाजूने निर्णायक पाऊल पडले ते विंडोज २०००पासून. त्या प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फाँट आला. तो घडविणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतील अध्यापक आणि मराठीतील कवीही होते. अक्षर कागदावर कसे उभे राहते हा ज्यांच्या कवितेचाही विषय होता, त्यांच्याकडेच पडद्यावर ते कसे उभे राहील हे ठरविण्याचे काम यावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. पुढे मुंबईच्या एकटाईप या समूहाचा ‘मुक्त’ यासारखे मुक्त परवान्याचे फाँट आले, पडद्यांतील बिंदू दाट झाले, आणि ‘घ’-‘ध’मधील खंड लहान मापातही टिकू लागला. २०१६ साली किंडलवर मराठी पुस्तके आली, तेव्हा कादंबरीचा वाचकही आपल्या डोळ्यांना मानवेल तेवढे अक्षर मोठे करू लागला. पोथीपुरती मर्यादित असलेली सोय आता सर्व वाङ्मयाला लागू झाली.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला एक रास्त शंका येईल. अक्षर मोठे केले की ओळ मोडते. गद्याचे त्यात फारसे बिघडत नाही; पृष्ठक्रमांकाने संदर्भ देण्याची आपली सवय तेवढी अडचणीत येते. कवितेचे काय? मुक्तछंदात ओळ कोठे थांबते हा अर्थाचाच भाग असतो. लघु-अनियतकालिकांच्या काळात तर अक्षरांची मांडणी हीच कविता होऊ पाहत होती. अशी कविता लहान पडद्यावर दुप्पट मापात वाचली की कवीने न मोडलेल्या ठिकाणी ओळ मोडते आणि दोन प्रकारचे मोड एकमेकांत मिसळतात. वाचकाचा अधिकार येथे कवीच्या अधिकारावर आक्रमण करतो, हा आक्षेप खोटा नाही.

परंतु आपल्याच परंपरेत याचे उत्तर शोधता येते. जुन्या पोथीत ओवी सलग लिहिलेली असे. चरण नव्या ओळीवर सुरू होत नसे, शब्दांमध्येही जागा नसे. ओवीचा बंध दंडांच्या खुणांत, यमकात आणि वाचणाऱ्याच्या श्वासात असे. पान रुंद असो की अरुंद, अक्षर बारीक असो की मोठे, ओवी मोडत नसे, कारण ती पानाच्या रुंदीवर विसंबलेलीच नव्हती. ओळीची सत्ता मुद्रणाने आणली आणि आधुनिक कवीने तिचा सर्जक उपयोग करून घेतला. ती कवितेचे सनातन लक्षण नव्हे. ती एका तंत्राच्या काळातील मोलाची कमाई आहे. ती जपायची तर उपायही आहेत. छापील पुस्तकात लांब ओळ मावली नाही की उरलेला भाग आत सरकवून छापण्याचा प्रघात आहेच. पडद्यावरही तो पाळता येतो. जेथे मांडणी हीच कविता आहे तेथे चित्र द्यावे, आणि सोबत तिची वाचता येणारी संहिताही द्यावी. कवीचा अधिकार राखण्यासाठी वाचकाला दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

आज या प्रश्नाचे खरे ठिकाण जुन्या मराठी ग्रंथांच्या अंकीकरणात आहे. एकोणिसाव्या शतकातील नियतकालिके, दुर्मीळ पुस्तके, कोश ही पानापानांची छायाचित्रे म्हणून उपलब्ध होत आहेत, आणि ही उपलब्धी थोडीथोडकी नाही. तरीही छायाचित्र म्हणजे पुन्हा ओळख आणि चित्र यांची गाठ. ते मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि वाचक प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसतो. निम्म्या दृष्टीच्या अध्यापकाला एक प्रकरण वाचून होईपर्यंत दिवस सरतो. छायाचित्रावरून संहिता ओळखणारी यंत्रे आता देवनागरीतही बरीच सुधारली आहेत, पण त्यांनी दिलेली संहिता कोणीतरी मुळाशी ताडून पाहावी लागते. ‘धन’ की ‘घन’, हे अखेर मराठी जाणणाऱ्यालाच ठरवावे लागते. पाठचिकित्सा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि शिकविणाऱ्या विभागांनी वर्षाला एक जुना ग्रंथ जरी असा शुद्ध करून ठेवला, तरी तो ज्यांना आज वाचता येत नाही अशा कित्येकांना वाचता येईल. संशोधनाचे हे काम आहे आणि ते आपल्याखेरीज दुसरे कोणी करणार नाही.