चवदार तळ्याची दुसरी मिरवणूक



६ डिसेंबर जवळ आला की मलकापूर, नांदुरा, शेगावच्या फलाटांवर दादरला निघालेल्यांची गर्दी होते. दीक्षाभूमीलाही बुलडाणा जिल्हा जातोच. महाड मात्र आपल्याला लांब आणि आडवळणी पडते. जे जातात ते तळ्यावर फोटो काढतात, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतात आणि गाडीत बसतात. माझे म्हणणे असे की महाड पायी पाहावे, घडले त्या क्रमाने, आणि माहिती सांगणारा कार्यकर्ता सोबत असावा.

सुरुवात तळ्यापासून नको, नगरपालिकेपासून करा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. (आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे हा ठराव आपल्या आजोबा-पणजोबांच्या विहिरींपर्यंत येणारच नव्हता.) १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कागदावर! पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच.

मग २० मार्च १९२७ च्या मिरवणुकीची वाट. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. त्यानंतरचे कोण सांगतो? वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि मंडपात जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. पुढे १०८ घागरी पंचगव्य वगैरे ओतून तळे ‘शुद्ध’ केले. नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ ला. तारीख नीट बघा, बोले ठरावाचीच!

डिसेंबरच्या परिषदेला फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. ठराव मांडणारे होते गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. पण परिषद मुळात तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी भरली होती, आणि सनातन्यांनी कोर्टात जाऊन १४ डिसेंबरलाच मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसे लढायच्या तयारीने आली होती. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. आपले भांडण सनातन्यांशी आहे, सरकारशी नाही, ही त्यामागची भूमिका. २७ तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

ही दुसरी मिरवणूक आपण गाळतो, कारण तिचे पोस्टर होत नाही. अमेरिकेत सेल्मा गावात १९६५ साली असेच घडले. ७ मार्चला एडमंड पेटस पुलावर काळ्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपले. ९ मार्चला कोर्टाची मनाई होती, म्हणून मार्टिन ल्यूथर किंग पुलावरून मोर्चा घेऊन मागे फिरले. त्यांच्यावरही टीका झाली. कोर्टाची परवानगी मिळाल्यावर २१ मार्चला मोर्चा निघाला आणि २५ तारखेला माँटगोमेरीला पोहोचला.

महाडला तो निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. मुंबई हायकोर्टाने १७ तारखेला तळे सार्वजनिक ठरवले. म्हणजे एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे तारखा. सोशल मीडियावर दोन दिवस भांडून थकणाऱ्या आपल्या पिढीने हा आकडा पाहावा.

पुढच्या २० मार्चला जिल्ह्यातून गाडी निघाली तर आधी नगरपालिकेसमोर थांबू, मग मंडपात पडलेल्या लाठ्यांची गोष्ट सांगू, मग तळ्याला एक पूर्ण फेरी मारू, हात न लावता. पाणी त्यानंतर.