काजळ फासून आदिवासी होता येत नाही

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग होतात. कार्यक्रमपत्रिकेत एक 'आदिवासी नृत्य' असतेच. अंगाला काळा रंग, कमरेला पाला, हातात भाला आणि तोंडाने 'हुर्र हुर्र'. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही सराव पाहत होतो. नाच बसवणारे सर एका भिल्ल मुलीला हसत म्हणाले, "तुला रंग लावायची गरज नाही." सगळी मुले हसली. ती मुलगी त्या दिवशी नाचली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातली शंभरातली ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. म्हणजे ज्यांचा जिल्हा, त्यांचीच टिंगल त्यांच्याच मुलांकडून नाचवून घेतली जाते.

कुणी म्हणेल, गंमत आहे, एवढे काय मनावर घेता? या गमतीचा इतिहास बघा. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून रंगमंचावर 'जिम क्रो' नावाचे गाणे नाचत असे. काळ्या गुलामाची ती नक्कल होती. गोरे प्रेक्षक पोट धरून हसले. पुढे काळ्यांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ देणाऱ्या कायद्यांना नाव पडले 'जिम क्रो'! आधी माणूस हास्यास्पद ठरवला की मग त्याला दूर ठेवणे कुणाला खटकत नाही.

दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे जात आहे, वंशभेद कुठे आहे? बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांची आकडेवारी तपासली आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा सिद्धांत खोडून काढला. म्हणजे वंश खोटा, पण 'काळा म्हणजे हलका' ही समजूत मात्र खरी, जिवंत आणि शाळेत शिकवली जाणारी. तिला आम्ही वंशभेदच म्हणतो.

तिसरा आक्षेप : होळीत आदिवासी स्वतःच अंग रंगवतात ना? हो, रंगवतात. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत बावा-बुध्या अंगावर पांढरी नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी बांधतात. पण त्यामागे नवस असतो, कित्येक दिवसांचे कडक पथ्य असते, ढोलाच्या तालावर रात्रभर नाचण्याची ताकद असते. ती श्रद्धा आहे, शास्त्र आहे. त्यात 'हुर्र हुर्र' कुठेच नाही.

कॅथरिन डनहॅम ही काळी नर्तकी मानववंशशास्त्र शिकलेली होती. १९३० च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर गेली, हैतीत लोकांमध्ये राहून त्यांचे नाच शिकली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्वतःची शाळा काढून तेच नाच तिने शिस्तीने शिकवले. ज्यांची चेष्टा झाली, त्यांचा नाच अभ्यासक्रम झाला.

आमची मागणी साधी आहे. अंगाला काळे फासणे बंद करा. आदिवासी नृत्य बसवायचे असेल तर सातपुड्यातल्या ढोल वाजवणाऱ्याला, नाचणाऱ्याला गुरू म्हणून बोलवा, मानधन द्या, त्याच्या नाचाचे खरे नाव पत्रिकेत छापा. जे नाच नवसाचे आहेत, ते स्टेजवर आणायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्या. आणि मित्रांनो, आपल्या वस्तीतल्या शाळेच्या पुढच्या सरावाला जाऊन बसा. रंगाची डबी उघडण्याआधी प्रश्न विचारा.

जयभीम! जय आदिवासी!