कॅथॉलिक शाळेचे दार
नागपुरास सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० साली स्थापन झाली. १९५५ साली नागपूर धर्मप्रांतातून अमरावतीचा धर्मप्रांत निराळा झाला. आमचे वाशीम त्यातच मोडते. वऱ्हाडात आपल्या शाळा वाढल्या, हा आनंद खरा. परंतु ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही स्वतःस विचारतो: त्या शाळांच्या दारातून आत कोण येतो? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निर्धन, निराधार व अन्यधर्मीय मुलांची विशेष काळजी घेण्यास कॅथॉलिक शाळांस सांगितले. २०१८ साली वाशीमची गणना देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. येथील मोलमजुरी करणाऱ्याचे मूल फीअभावी दारातूनच परतले, तर परीक्षांच्या उज्ज्वल निकालांचे मोल ते काय? ते मूल पहिल्या बाकावर बसेल, तोच आमचा खरा उत्सव होय.