पाच दिवसांची नदी आणि पांझरा

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथे होते : पांझरेच्या परिसरातील ओढ्याखालून पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेणे. पावसाळ्यातील पुराने काम अडवले, तरीही ते पुरे झाले. खानदेशात पाणी आणण्याचा इतिहास असा आवडीने सांगितला जातो. वापरून झालेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये त्यासाठी १८९८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. तो पाच दिवसांत किती खर्च होतो, यावरून घाण मोजावी, असे आयोगाने ठरवले. १९१२ च्या अहवालात नदीत सोडण्याच्या पाण्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा आली. पाचच दिवस का? तिथल्या नद्यांना समुद्र गाठायला त्याहून अधिक काळ लागत नाही, असा हिशेब सांगितला जातो.

पांझरेला हे माप कसे लागू पडावे? ती मुडावदजवळ तापीला मिळते, पण उन्हाळ्यात तिचे डोह जागच्या जागी साचून राहतात. भारतात आज हीच चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवसांची असते, कारण उष्णतेत कुजणे वेगाने होते. गंमत अशी की कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणजे भूक वाढते आणि ताटातले कमी होते.

दलदल हा पेच वेळेने सोडवते. उथळ पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो. पाणकणसाच्या बुडख्यांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो आणि विरघळलेली घाण तो खातो. या वनस्पतीच्या पोकळ ऊतींतून हवा मुळांपर्यंत उतरते. मुळांलगत प्राणवायूवर जगणारे जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि बोटभर अंतरावरच्या काळ्या, प्राणवायूहीन चिखलात दुसरे जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. खोल गाळात उरलेल्याचा मिथेन होतो. श्रेय वनस्पतीला मिळते; कष्ट बहुतांशी जीवाणूंचे असतात.

जर्मनीत केटे झायडल यांनी १९५० च्या दशकात प्लोन येथे हेच काम मुद्दाम लावलेल्या लव्हाळ्यांकडून करवून घेण्याचे प्रयोग आरंभले. पुढे युरोपात वाळू-खडीच्या अशा वाफ्यांसाठी माणशी सुमारे पाच चौरस मीटर हा ढोबळ ठोकताळा रूढ झाला. २०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या ३,७५,५५९ होती. त्या हिशेबाने सुमारे १८८ हेक्टर जमीन लागेल. उष्ण प्रदेशात हा आकडा बराच खाली येतो, तरी तो लहान नव्हे. दलदल फुकट काम करते असे म्हणणारे जमिनीची किंमत विसरतात.

शिवाय ही जमीन नदीच्या पात्रात असून चालणार नाही. पहिल्याच पुरात पांझरा वाफे उपटून नेईल. पाणी बंधाऱ्याने थोपवायचे, पाटाने बाजूला काढायचे आणि उताराने एकेका तुकड्यावरून संथ फिरवायचे, हे तंत्र या खोऱ्यातील फड पद्धतीने काही शतके पिकांसाठी वापरले आहे. त्या पाटांवरचे पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेले असत.